‘नेट’ जाते, नोंद राहते

घरातील इंटरनेट पूर्णपणे बंद पडले तर काय करायचे, हे एव्हाना सर्वांना ठाऊक झाले आहे. तक्रार नोंदवायची, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवायचा आणि माणूस येण्याची वाट पाहायची. खरी पंचाईत होते ती इंटरनेट अधूनमधून जाते तेव्हा. दोन मिनिटे जाते, परत येते, तासभर बरे चालते आणि नेमकी महत्त्वाची बैठक रंगात आलेली असताना पुन्हा जाते. तंत्रज्ञ दारात उभा राहीपर्यंत सारे सुरळीत झालेले असते. तो मोडेमवरचा हिरवा दिवा दाखवतो, वेगाची चाचणी करून आकडा दाखवतो आणि जिना उतरून जातो. थोड्याच वेळात ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश मोबाइलवर येतो. निवारण कशाचे झाले, हे ना ग्राहकाला कळते, ना तंत्रज्ञाला.

हा मध्यमवर्गीय घरांतला किरकोळ वैताग आहे, असे कोणी म्हणू शकेल. मला तसे वाटत नाही. देशात ब्रॉडबँडच्या म्हणून मोजल्या जाणाऱ्या जोडण्या २०२४ च्या अखेरीस सुमारे ९४ कोटी होत्या. त्यांतल्या तारेने घरात वा कार्यालयात आलेल्या जोडण्या जेमतेम ४ कोटींच्या आसपास. बाकी सारा कारभार मोबाइलवर चालतो. परंतु मोबाइलची जोडणी एका व्यक्तीची असते, तारेची जोडणी साऱ्या घराची. मुलांचा वर्ग, नोकरदाराचे कार्यालय, घरगुती व्यवसायाची बिले आणि वृद्धांचा डॉक्टरशी होणारा संवाद असा सारा भार तिच्यावर असतो. हा भार काही अंशी सरकारच्याच निर्णयांनी वाढला. नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा जून २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटर व तत्सम सेवांवरील नियम शिथिल केले आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांना घरून काम करण्याचा मार्ग मोकळा झाला. ई-संजीवनीने डॉक्टरचा सल्ला घरबसल्या उपलब्ध करून दिला. कार्यालय, वर्ग आणि दवाखाना घरात आले. पण घरातली जोडणी किती भरवशाची असावी, याचा निकष मात्र त्यांच्यामागून घरात आला नाही.

नियम काय पाहतात, काय पाहत नाहीत

आपल्या दूरसंचार नियमनाला दोन गोष्टी नीट दिसतात. पहिली, वेग. ब्रॉडबँड कशाला म्हणावे, याची व्याख्या २००४ मध्ये सेकंदाला २५६ किलोबिट होती, पुढे ती ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. दुसरी, संपूर्ण बंद पडलेली सेवा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाविषयीचे जुने नियम एकत्र करून नवे नियम काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून अधिक काळ ठप्प झाली किंवा घरच्या तारेतील दोष दुरुस्त व्हायला ३ दिवसांहून अधिक काळ लागला, तर ग्राहकाला भरपाई मिळावी, अशी तरतूद त्यांत आहे. नियमभंगाच्या दंडाची रक्कमही वाढवण्यात आली. ही सुधारणा स्वागतार्हच आहे.

पण या दोहोंच्या मधली जागा रिकामी आहे. जी जोडणी चाचणीच्या क्षणी पूर्ण वेग दाखवते आणि ३ दिवस सलग कधीच बंद राहत नाही, ती नियमांच्या लेखी निरोगी. विलंबाचे आणि वाटेत हरवणाऱ्या विदेचे निकषही आहेत. परंतु ते पुरवठादाराच्या जाळ्याची एकूण प्रकृती पाहतात. अमुक घरातली जोडणी दिवसातून किती वेळा तुटली, हा प्रश्न ते विचारत नाहीत.

याचा अर्थ काय होतो, ते साध्या गणिताने पाहता येईल. ब्रॉडबँडच्या दर्जाविषयीच्या २००६ च्या नियमांनी सेवा ९८ टक्क्यांहून अधिक काळ उपलब्ध असावी, असा दंडक घातला होता. कागदावर हा आकडा भारदस्त वाटतो. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास येतात. त्यांचे २ टक्के म्हणजे १४ तास २४ मिनिटे. हा काळ एका दमात गेला, तर ग्राहकाचा एक दिवस वाया जातो. तोच काळ तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत विभागला गेला, तर महिन्यात २८८ वेळा, म्हणजे रोज साधारण दहा वेळा जोडणी तुटेल. उपलब्धतेची टक्केवारी दोन्ही प्रसंगी सारखीच, पण अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक. रोज दहा वेळा तुटणाऱ्या जोडणीवर मुलाखत देता येत नाही, घरातून देखरेखीखाली होणारी परीक्षा देता येत नाही आणि जिचे वेतन संगणकावर हजर असलेल्या तासांवर ठरते, तिला ते वेतन पूर्ण मिळवता येत नाही. वेग आणि एकूण काळ मोजून ही व्याधी सापडणार नाही. तिच्यासाठी वारंवारिता मोजली पाहिजे.

रोग नेमका कुठे?

वारंवारिता मोजली, तरी पुढचा प्रश्न उरतो: तुटते ते कुठे? येथे थोड्या तांत्रिक तपशिलात शिरणे भाग आहे, कारण धोरणाची सारी मेख तिथेच दडलेली आहे.

घरापर्यंत येणाऱ्या फायबर जोडणीचे तीन टप्पे मानता येतात. पहिला घराच्या आतला: मोबाइल वा लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचे वाय-फाय आणि राउटरला मिळणारी वीज. दुसरा घरापासून पुरवठादाराच्या केंद्रापर्यंतचा: भिंतीतून बाहेर पडणारी बारीक तार, खांबावरची पेटी, एका फायबरमधला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटून देणारा विभाजक आणि मुख्य केबल. तिसरा त्यापलीकडचा: ग्राहकाची ओळख पटवणारी यंत्रणा, पुरवठादाराने पुढे घेतलेली जोडणी आणि संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारे सर्व्हर. तिन्ही टप्प्यांवरच्या बिघाडाचे लक्षण ग्राहकाला एकच दिसते, ते म्हणजे पडद्यावर गरगर फिरणारे चक्र.

तरीही चिकाटी असेल, तर बरेचसे निदान घरी करता येते. नेट जाते त्या क्षणी मोडेमवरचे दिवे पाहावेत. ‘लॉस’ असे लिहिलेला लाल दिवा पेटला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही. दोष तारेत आहे. तो विझलेला आणि ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असेल, पण इंटरनेटचा दिवा गेला असेल, तर तार ठीक आहे आणि बिघाड बहुधा पुरवठादाराच्या यंत्रणेत आहे. सारेच दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर वीज तपासावी. भारतीय घरांत हे कारण वाटते त्याहून अधिक वेळा आढळते. वीज क्षणभर जाते, इन्व्हर्टर सुरू होतो, दिवा लुकलुकल्याचेही कोणाच्या ध्यानात येत नाही. पण तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि त्याला स्थिरस्थावर व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. जुना झालेला १२ व्होल्टचा अॅडॅप्टरही हाच खेळ करतो.

दिवे सगळे जागच्या जागी असतील, तर संशयित वाय-फाय. लॅपटॉप तारेने राउटरला जोडून एक-दोन दिवस वापरावा. तुटणे थांबले, तर दोष हवेतल्या टप्प्यात आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर कुरघोडी न करणारे मार्ग फक्त तीन आहेत, आणि दाटीच्या इमारतीत वीस-पंचवीस राउटर त्या तीन मार्गांसाठी भांडत असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तुलनेने मोकळा, पण जाड भिंतींपुढे दुबळा. शेवटची चाचणी संगणकावरची. एका खिडकीतून राउटरला आणि दुसरीतून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत ‘पिंग’ म्हणजे हाक देत राहावे. राउटर ओ देतो आणि बाहेरचा पत्ता देत नाही, तेव्हा दोष घराबाहेरचा. दोघेही गप्प झाले, तर घरातला.

दिल्लीलगतच्या ज्या वसाहतीत मी राहतो, तिथे मी काही आठवडे अशी वही ठेवली. जोडणी तुटल्याची वेळ, मोडेमवरचे दिवे, पाऊस, वीज, एवढ्याच नोंदी. त्या एकत्र वाचल्यावर दोन वेगळे रोग दिसले. सकाळी ठरावीक वेळी जाणारे नेट वसाहतीचा पाण्याचा पंप सुरू होण्याच्या वेळेशी जुळत होते. विजेचा दाब क्षणभर खाली येई आणि राउटर मान टाकी. त्याला एक छोटा बॅटरीचा डबा जोडल्यावर तो त्रास संपला. पावसानंतर लाल दिव्यासह जाणारे नेट मात्र निराळे होते. त्याचे कारण गल्लीतल्या खांबावर, झाकण निसटलेल्या जोडपेटीत होते. वही दाखवली तेव्हा तंत्रज्ञाने प्रथमच घराबाहेर जाऊन वर पाहिले. त्याआधीच्या प्रत्येक फेरीत त्याने राउटर बंद करून पुन्हा सुरू केला होता. त्याला दोष देता येत नाही. त्याच्या दिवसाचा हिशेब किती तक्रारी बंद केल्या यावर होतो, किती बिघाडांचे मूळ शोधले यावर होत नाही.

एका तारेचे अनेक धनी

घराबाहेरच्या टप्प्याची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिथे एका तारेला अनेक धनी आहेत. जाहिरात मोठ्या कंपनीची असते, शेवटची तार पुष्कळदा स्थानिक केबलचालकाने ओढलेली असते, खांब वीज वितरण कंपनीचा असतो, रस्ता महापालिकेचा आणि त्या रस्त्याखालचे खोदकाम पाणीपुरवठा वा गॅसच्या ठेकेदाराचे. रीतसर भूमिगत नळी नसल्याने तार खांबावरून झाडावर आणि झाडावरून गच्चीवर उड्या मारत जाते. उन्हाने तिचे आवरण चिरते, फांदी तिला ताणते, पावसाचे पाणी जोडपेटीत शिरते. वाराणसीच्या घाटांवर माकडे फायबर कुरतडतात, ही २०१५ मधली बातमी जगभर चवीने वाचली गेली. पण तिच्यातला गंभीर भाग असा की, तार माकडाच्या हाती लागेल अशा ठिकाणी होती.

अशा तारेत प्रकाश पूर्ण थांबत नाही, तो मंदावतो. घरच्या मोडेमला साधारण उणे २७ डीबीएमपर्यंतचा क्षीण प्रकाश वाचता येतो. या मापात ३ डेसिबलची घट म्हणजे प्रकाशाची शक्ती निम्मी होणे. धूळ बसलेला जोड, कपाटामागे काटकोनात दुमडलेली तार किंवा घाईत केलेला सांधा यांपैकी एकही कारण त्यासाठी पुरे असते. तार या उंबरठ्यावर असली, की कोरड्या दिवशी जोडणी चालते, ओल्या दिवशी तुटते. तंत्रज्ञ येतो तो बहुधा कोरड्या दिवशी.

धन्यांचा आपसातला विसंवाद किती महाग पडतो, हे हैदराबादने पाहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या रामंतपूर भागात जन्माष्टमीच्या मिरवणुकीतील रथाला विजेचा धक्का बसून भाविकांचा मृत्यू झाला. त्यानंतर वीज वितरण कंपनीने खांबांवर लोंबणाऱ्या केबल कापण्याची मोहीम उघडली, शहराच्या अनेक भागांत इंटरनेट खंडित झाले आणि वाद तेलंगणा उच्च न्यायालयात पोहोचला. माणसांच्या जिवापुढे इंटरनेटची मातब्बरी नाही, हे खरेच. पण विजेच्या खांबावर इंटरनेटचा संसार मांडू द्यायचा आणि अपघात झाला की तो एका दिवसात उधळायचा, याला नियोजन म्हणता येत नाही. खोदकामाने तुटणाऱ्या फायबरमुळे देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र सरकारनेच सांगितले आणि मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आणले. खोदण्याआधी जमिनीखाली कोणाचे काय आहे, हे विचारावे, इतकी साधी अपेक्षा. १ जानेवारी २०२५ पासून दूरसंचार मार्गाधिकाराचे नवे नियमही लागू झाले आहेत. नियम आहेत, अॅप आहे. कुदळ मारणाऱ्या ठेकेदाराच्या देयकातून नुकसानीची रक्कम वळती होईल तेव्हा त्यांना धार येईल.

ग्रामीण भारताने हाच धडा मोठ्या खर्चाने गिरवला. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकल्पात ग्रामपंचायतींपर्यंत केबल नेली गेली, ती बव्हंशी सरळ रेषेत. रेषेतली केबल एका जागी तुटली, की पुढची सारी गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार रचना स्वीकारली गेली; एका बाजूने तुटले, तर दुसऱ्या बाजूने वाट मिळते. देखभालीसाठी १० वर्षांची तरतूदही त्यात आहे. जाळे टाकणे हे काम निम्मेच असते आणि उरलेले निम्मे म्हणजे ते टिकवणे, ही या निर्णयामागची कबुली आहे. शहरांतल्या गल्ल्यांनी ती अजून दिलेली नाही.

पुरावा आहे, पण कोणाकडे?

येथवर वाचून कोणी म्हणेल: इतक्या टप्प्यांवर, इतक्या धन्यांमध्ये विखुरलेला दोष शोधायचा कोणी आणि सिद्ध करायचा कसा? माझ्या मते या विषयातील सर्वांत दुर्लक्षित वस्तुस्थिती हीच आहे, की पुरावा आधीच गोळा होत असतो.

फायबरच्या मोडेमची वीज गेली, तर तो बंद पडण्यापूर्वीच्या काही क्षणांत केंद्राकडे एक संदेश धाडतो. अभियंते त्याला मोडेमचा अखेरचा श्वास म्हणतात. हा संदेश आला, तर पुरवठादाराला कळते, की ग्राहकाकडची वीज गेली. संदेश न येताच मोडेम गप्प झाला, तर तार तपासावी लागते. त्याच गल्लीतले अनेक मोडेम एकाच क्षणी गप्प झाले, तर दोष सामाईक केबलमध्ये. प्रत्येक मोडेमला किती प्रकाश मिळतो, हे केंद्रातून दूरस्थपणे वाचता येते. जिथे जोडणीसाठी लॉग-इन लागते, तिथे जोडणी केव्हा सुरू झाली व केव्हा संपली, याची सेकंदागणिक नोंद सर्व्हरवर उमटते. म्हणजे जी वही मी हाताने भरत होतो, तिच्याहून कितीतरी नेमकी वही पुरवठादाराकडे असते.

ती ठेवणे त्याला बंधनकारकही आहे. सेवा परवान्याच्या अटींनुसार ग्राहकांच्या लॉग-इन व लॉग-आउटचे तपशील जपून ठेवावे लागतात आणि डिसेंबर २०२१ मध्ये ही मुदत एका वर्षावरून दोन वर्षे करण्यात आली. कारण अर्थातच सुरक्षेचे: तपास यंत्रणांना गरज पडली, तर माहिती हाताशी असावी. मात्र ज्याचे नेट गेले, त्याला ते किती वेळा गेले, हे सांगण्यासाठी त्याच नोंदीचे एक पानही उघडले जात नाही. राज्यसंस्थेने ही वही पोलिसांसाठी मागितली. नागरिकासाठी मागण्याचे तिला सुचले नाही.

हा तपशील न्यायालयीन दृष्ट्याही निर्णायक आहे. मोबाइलवरील संभाषण मध्येच तुटले, तर ग्राहकाला प्रत्येक वेळी १ रुपया आणि दिवसाला जास्तीत जास्त ३ रुपये द्यावेत, असा नियम ट्रायने ऑक्टोबर २०१५ मध्ये केला होता. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. संभाषण कोणाच्या दोषामुळे तुटले, हे न पाहता सरसकट कंपनीला जबाबदार धरणे मनमानी ठरते, हा त्या निकालातील एक प्रमुख मुद्दा होता. ग्राहक चळवळीला तो निकाल कडू लागला. पण त्यातून घेण्याचा बोध स्पष्ट आहे. निदान नसेल, तर भरपाई न्यायालयात टिकत नाही. घरगुती फायबरच्या बाबतीत दोष कोणाचा, हे बऱ्याच प्रमाणात यंत्रच सांगू शकते. तरीही त्या निकालानंतर या दिशेने पाऊल पडलेले नाही.

ग्राहकाची दाद मागण्याची वाट आजही लांबलचक आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. २०१२ च्या नियमांनुसार आधी कंपनीचे तक्रार केंद्र, मग कंपनीचेच अपील प्राधिकरण. ग्राहक न्यायालयाचे दार २००९ च्या एका निकालाने जवळपास बंद झाले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उघडे असल्याचे स्पष्ट केले. पण तिथे जाऊन ग्राहक दाखवणार काय? ‘नेट सारखे जाते’ हे त्याचे म्हणणे आणि ‘आमच्या नोंदीनुसार सेवा सुरू आहे’ हे कंपनीचे. नोंद एकाच पक्षाच्या ताब्यात असते, तेव्हा तंटा बरोबरीचा राहत नाही.

शेजारच्या खात्याकडून शिकण्याजोगे

यावर उपाय शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही. वीज क्षेत्र हा फरक केव्हाच शिकले आहे. तिथे दोन निर्देशांक वेगवेगळे मोजतात: वीज वर्षभरात एकूण किती काळ गेली आणि किती वेळा गेली. क्षणिक खंडांसाठी तिसरा निर्देशांकही अभियांत्रिकीत रूढ आहे. डिसेंबर २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी पहिल्या दोन निर्देशांकांना स्थान दिले आणि काही बाबतींत आपोआप भरपाईचे तत्त्वही मान्य केले. वीज वितरणाची प्रत्यक्ष स्थिती अनेक राज्यांत समाधानकारक नाही, हे मान्य. पण निदान काय मोजायचे, यावर तिथे वाद उरलेला नाही.

परदेशांतले अनुभव संमिश्र आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून आपोआप भरपाईची योजना आहे; परंतु बिघाडांच्या बाबतीत तीही संपूर्ण बंद पडलेली सेवा दोन कामकाजाच्या दिवसांत सुरू न झाल्यावरच लागू होते. जर्मनीने डिसेंबर २०२१ पासून वेगळी वाट धरली. करारातील वेग वारंवार मिळत नसेल, तर ग्राहकाला देयकात कपात करण्याचा किंवा करार मोडण्याचा हक्क मिळाला आणि ते सिद्ध करण्यासाठी नियामकानेच मोजणीचे साधन उपलब्ध करून दिले. ठरल्या पद्धतीने केलेल्या मोजण्या पुराव्यादाखल ग्राह्य धरल्या जातात. तो कायदा वेगापुरता आहे. पण पुरावा ग्राहकाच्या हाती देण्याचे त्यामागचे तत्त्व आपल्या उपयोगाचे आहे.

त्या आधारावर चार गोष्टी तातडीने करता येतील, असे मला वाटते. पहिली, प्रत्येक ग्राहकाला त्याच्या जोडणीचा मासिक लेखा मिळावा: किती वेळा तुटली, किती काळ, आणि यंत्राच्या नोंदीनुसार कारण वीज, तार की केंद्र. विजेच्या देयकावर युनिट छापतात, तितक्या सहजपणे हे देयकावर यावे. दुसरी, ट्रायने वारंवारितेचा निकष ठरवावा आणि पुरवठादाराच्या बाजूने झालेल्या खंडांची महिन्याची बेरीज भरपाईसाठी धरावी; सलग ३ दिवसांची अट अशा बिघाडांना गैरलागू आहे. तिसरी, एकाच घरातून ठरावीक मुदतीत दुसऱ्यांदा तीच तक्रार आली, तर ती नवी न मानता जुनीच पुन्हा उघडावी आणि कारण लिहिल्याखेरीज बंद करता येऊ नये. चौथी, महापालिकांनी रस्ता करतानाच सामाईक नळ्या टाकाव्यात आणि त्या सर्व पुरवठादारांना रास्त भाड्याने द्याव्यात. इमारतींच्या अंतर्गत जोडणीसाठी ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये मानांकनाची चौकट आणली आहे; तिची व्याप्ती गल्लीपर्यंत वाढली पाहिजे.

आक्षेप येतीलच. लहान केबलचालकाला हा खर्च झेपणार नाही, असे म्हटले जाईल. त्यात तथ्य आहे; म्हणून ग्राहकसंख्येनुसार टप्पे ठरवावेत आणि सुरुवात मोठ्या कंपन्यांपासून करावी. नोंदी उघड केल्याने खासगीपणाला धोका आहे, असेही सांगितले जाईल. पण येथे मागणी आहे ती ग्राहकाला त्याचीच नोंद दाखवण्याची, आणि कोणती संकेतस्थळे पाहिली याच्याशी तिचा संबंधच नाही. सर्वांत वजनदार आक्षेप दराचा आहे. जगाच्या तुलनेत भारतात इंटरनेट स्वस्त आहे, मग इतक्या अपेक्षा कशाला? याचे उत्तर असे, की स्वस्ताई कशाच्या जिवावर आली, हे ग्राहकाला कळले पाहिजे. एक कंपनी दोन पैसे जास्त घेऊन पक्की तार टाकत असेल आणि दुसरी झाडावरून ओढत असेल, तर आज दोघींच्या जाहिरातींत फक्त वेगाचा आकडा दिसतो. तुटण्याचा आकडाही शेजारी छापला गेला, तर बाजारच पुष्कळसे काम करील.

सरकारी आदेशाने इंटरनेट बंद केले जाते, तेव्हा त्यावर न्यायालयात वाद होतो, संपादकीये लिहिली जातात, आणि ते योग्यच आहे. पण गल्लीतल्या एका निसटलेल्या झाकणामुळे रोज तुटणाऱ्या जोडणीसाठी कोणता आदेश नसतो, कोणाची सही नसते, म्हणून कोणी उत्तरदायीही नसते. वेतन कापले गेलेली कर्मचारी आणि परीक्षेतून बाहेर फेकला गेलेला विद्यार्थी यांना ते वाईट नशीब वाटते. ते नशीब नाही. त्याची तारीख, वेळ आणि बहुतेकदा कारणही कुठल्या तरी सर्व्हरवर लिहिलेले असते. ते वाचण्याचा अधिकार ज्याचे नेट गेले त्याला देणे, ही नव्या केबलच्या एका मीटरचाही खर्च न लागणारी सुधारणा आहे. ट्रायने तिथून सुरुवात करावी.